दक्षिण टिरोल : आल्प्समधील तीन भाषांचा सीमाप्रदेश

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतातील तिझेनयोख या खिंडीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, एका जर्मन दांपत्याला वितळत्या हिमातून वर आलेला मानवी देह दिसला. अलीकडच्या अपघातात सापडलेल्या एखाद्या गिर्यारोहकाचा तो असावा, असा प्रथम समज झाला. देह ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे नेण्यात आला आणि तेथील तपासणीत तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा असल्याचे निष्पन्न झाले. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, तो मालकीचा. भूमापकांनी सीमारेषा नव्याने मोजली, तेव्हा देह सापडलेली जागा इटलीच्या हद्दीत ९२.५६ मीटर आत असल्याचे ठरले. 'ओत्झी' या नावाने जगप्रसिद्ध झालेला हा हिममानव १९९८ पासून इटलीतील बोल्झानो शहरातील पुरातत्त्व संग्रहालयात जतन केलेला आहे. त्याचे नाव मात्र ऑस्ट्रियाच्या बाजूच्या ओत्झताल या खोऱ्यावरून पडले आहे.

ज्या रेषेने हा निवाडा केला ती रेषा १९१९ साली आखली गेली. त्या रेषेच्या दक्षिणेस असलेला प्रदेश म्हणजे दक्षिण टिरोल. जर्मन भाषेत त्याला 'झ्युडटिरोल' म्हणतात, तर इटालियन भाषेत 'आल्तो आदिजे', म्हणजे आदिजे नदीचे वरचे खोरे. एकाच भूमीची ही दोन नावे दोन वेगवेगळ्या इतिहासांची साक्ष देतात. जर्मन नाव तिचे नाते उत्तरेकडील टिरोलशी जोडते, तर इटालियन नाव दक्षिणेकडे वाहत जाणाऱ्या नदीशी. विसाव्या शतकातील या प्रदेशाचा इतिहास हा बहुतांशी या दोन नावांमधील संघर्षाचा आणि पुढे त्यांच्या सहवासाचा इतिहास आहे.

भूमी, नद्या आणि पाणलोट

दक्षिण टिरोल हा इटलीच्या अगदी उत्तर टोकाचा स्वायत्त प्रांत होय. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस ऑस्ट्रिया, पश्चिमेस स्वित्झर्लंडचा ग्राउब्युंडन परगणा आणि दक्षिणेस इटलीचेच त्रेंतिनो, बेल्लुनो व सोंद्रिओ हे प्रांत आहेत. क्षेत्रफळ सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ दुप्पट; लोकसंख्या मात्र सव्वापाच लाखांहून थोडी अधिक, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. याचे कारण भूरचनेत आहे. बहुतांश भूमी १,००० मीटरपेक्षा उंच असल्याने कायम वस्तीला आणि शेतीला योग्य जागा फार थोडी उरते. माणसे राहतात ती नद्यांच्या अरुंद खोऱ्यांत आणि उतारांवरच्या विखुरलेल्या शेतघरांत. सर्वोच्च शिखर ऑर्टलर ३,९०५ मीटर उंच आहे, तर राजधानी बोल्झानो (जर्मन नाव बोत्सेन) सुमारे २६० मीटर उंचीवरच्या खोलगट भागात वसली आहे. त्यामुळे अवघ्या काही तासांच्या प्रवासात द्राक्षमळ्यांपासून हिमनद्यांपर्यंतचा पालट अनुभवता येतो.

प्रदेशाची मुख्य नदी आदिजे (जर्मन नाव एत्श) ही पश्चिमेकडील रेशेन खिंडीजवळ उगम पावते. इटलीतील पो नदीच्या खालोखाल तिची लांबी आहे. ब्रेनर खिंडीकडून येणारी इझार्को (आयझाक) बोल्झानोच्या दक्षिणेस तिला मिळते, आणि हे सारे पाणी शेवटी एड्रियाटिक समुद्राला जाते. ब्रेनर खिंड सुमारे १,३७० मीटर उंचीवर असून आल्प्स ओलांडण्याच्या महत्त्वाच्या वाटांमध्ये ती सर्वांत सखल वाटांपैकी एक आहे. म्हणूनच रोमन काळापासून व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये या वाटेने गेली. १८६७ मध्ये येथून लोहमार्ग सुरू झाला.

'जेथे पाण्याची वाट बदलते तेथे देशाची सीमा असावी' या युक्तिवादावर इटलीने ब्रेनरपर्यंतच्या भूमीवर हक्क सांगितला होता. नकाशावर हा नियम सोपा दिसतो. प्रत्यक्षात पूर्वेकडील तोब्लाख (दोब्बियाको) गावाजवळ द्राव्हा नदी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडे जाते. पाणलोटाचा नियम काटेकोरपणे लावला असता तर तिच्या काठचे इनिखेन (सान कांदिदो) हे गाव ऑस्ट्रियात राहायला हवे होते. तेही इटलीला देण्यात आले. हिममानव सापडला त्या जागेचे पाणीदेखील उत्तरेकडे, ऑस्ट्रियाच्या बाजूला उतरते. निसर्गाच्या नावाने आखलेली ही सीमा शेवटी माणसांनी टेबलावर ठरवलेलीच होती.

प्रदेशाच्या आग्नेयेस डोलोमाइट पर्वत आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्रातील प्रवाळ व अन्य जीवांच्या संचयातून त्यांचा फिकट रंगाचा खडक बनला. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोम्यू याच्या नावावरून खडकाला व पुढे पर्वतांना हे नाव मिळाले. २००९ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. सूर्यास्ताच्या वेळी हे कडे गुलाबी होतात. त्याची लोककथा अशी : बुटक्यांचा राजा लाउरिन याची गुलाबबाग या पर्वतात होती. बागेमुळेच शत्रूला आपला ठावठिकाणा लागला म्हणून त्याने तिला शाप दिला की, ती दिवसा वा रात्री कोणालाही दिसू नये. संधिकालाचा उल्लेख करायला मात्र तो विसरला.

तीन भाषा, तीन थर

इसवी सनापूर्वी १५ मध्ये रोमनांनी हा पर्वतप्रदेश जिंकला. स्थानिक लोकांच्या मुखी लॅटिनचे जे रूप रुळले त्यातून लादिन ही भाषा घडली. सहाव्या शतकापासून उत्तरेकडून बव्हेरियन लोक येऊन वसले आणि जर्मन भाषा हळूहळू बहुतेक खोऱ्यांत पसरली. लादिन उरली ती डोलोमाइटच्या कुशीतील आडबाजूच्या खोऱ्यांत. मेरान (मेरानो) शहराजवळील टिरोल किल्ल्यावरून या सगळ्या प्रदेशाला नाव मिळाले. १३६३ मध्ये टिरोलची अधिपती मार्गारेटे हिने आपला मुलूख हाब्सबुर्ग घराण्याच्या हाती सोपवला. तेव्हापासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत, नेपोलियनच्या काळातील काही वर्षे वगळता, हा भाग ऑस्ट्रियाच्या छत्राखाली राहिला.

नेपोलियनच्या काळात टिरोल बव्हेरियाला देण्यात आला. त्याविरुद्ध १८०९ मध्ये पास्सायर खोऱ्यातील खाणावळवाला आन्द्रेआस होफर याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उठाव केला. २० फेब्रुवारी १८१० रोजी मांतुआ येथे होफरला गोळ्या घालण्यात आल्या. टिरोली स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून त्याचे स्मरण आजही केले जाते.

१९१० च्या जनगणनेत आजच्या दक्षिण टिरोलमधील सुमारे ८९ टक्के लोक जर्मन भाषक होते. इटालियन भाषक अवघे ३ टक्क्यांच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत ही प्रमाणे जर्मन सुमारे ६९, इटालियन २६ आणि लादिन साडेचार टक्के अशी झाली. या दोन आकड्यांच्या मध्ये एका शतकाचे राजकारण उभे आहे.

सीमा सरकली

१९१५ च्या लंडन येथील गुप्त करारात ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांनी, युद्धात आपल्या बाजूने उतरल्यास ब्रेनरपर्यंतचा मुलूख देऊ, असे वचन इटलीला दिले. त्यानंतर डोलोमाइटच्या शिखरांवर आणि हिमनद्यांत खोदलेल्या बोगद्यांत दोन्ही सैन्ये वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभी ठाकली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या चौदा मुद्द्यांपैकी नवव्या मुद्द्यात इटलीची सीमा राष्ट्रीयत्वाच्या स्पष्ट रेषेनुसार ठरावी असे म्हटले होते. तरीही १० सप्टेंबर १९१९ च्या सां-जेर्मेन तहाने ब्रेनर हीच सीमा ठरवली. स्थानिक जनतेचा कौल घेण्यात आला नाही. १० ऑक्टोबर १९२० रोजी प्रदेशाचे इटलीत रीतसर विलीनीकरण झाले. सीमेची भिंत घराघरांतून गेली. ज्यांचे नातलग, बाजारपेठ आणि विद्यापीठ इन्सब्रुकला होते त्यांना ते सारे एका रात्रीत परदेश झाले.

नावे आणि शाळा

१९२२ मध्ये मुसोलिनीची फॅसिस्ट राजवट आली आणि इटालियनीकरणाला वेग आला. त्यामागचा सूत्रधार होता एत्तोरे तोलोमेई. रोवेरेतोत जन्मलेल्या या राष्ट्रवादी विद्वानाने युद्धापूर्वीच, १९०६ पासून, एका नियतकालिकातून हा प्रदेश मुळात इटालियनच असल्याचे प्रतिपादन चालवले होते. त्याने येथील हजारो स्थळनामांना इटालियन रूपे देऊन त्यांची सूची तयार केली. काही नावे जुन्या लॅटिन उल्लेखांवरून पुनरुज्जीवित केली, काही जर्मन नावांचे भाषांतर केले, काहींना केवळ इटालियन प्रत्यय जोडला. श्टेर्त्सिंग गावाचे रोमन काळातील नाव शोधून त्याचे 'विपितेनो' केले गेले. १९२३ मध्ये ही नावे अधिकृत झाली. त्याच वर्षी १५ जुलै रोजी बोल्झानोच्या नाट्यगृहात तोलोमेईने ३२ कलमी कार्यक्रम जाहीर केला. सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि फलक केवळ इटालियन झाले. 'टिरोल' हा शब्दही निषिद्ध ठरला. पुढे नव्या थडग्यांवर जर्मन मजकूर कोरण्यासही बंदी आली.

सर्वांत खोल घाव शाळांवर झाला. १९२३ च्या शिक्षण कायद्यानुसार एकेका इयत्तेतून जर्मन माध्यम हटवण्यात आले. जर्मन शिक्षक नोकरीवरून दूर झाले आणि त्यांच्या जागी दक्षिणेकडून आलेले, मुलांची भाषा न जाणणारे शिक्षक नेमले गेले. यावर समाजाने शोधलेला उपाय म्हणजे 'काताकोंबे-शाळा', म्हणजे गुप्त शाळा. कानोनिकुस मिखाएल गाम्पर या धर्मगुरूच्या प्रेरणेने त्या सुरू झाल्या. शेतघरांच्या माजघरात, पोटमाळ्यावर, गोठ्यालगतच्या खोलीत तरुण मुली लहान मुलांना चोरून जर्मन वाचन-लेखन शिकवत. पाठ्यपुस्तके सीमेपलीकडून लपवून आणली जात. पकडले गेल्यास दंड, तुरुंगवास किंवा हद्दपारी ठरलेली होती. अशा शिक्षिकांपैकी आंगेला निकोलेत्ती ही अटक आणि छळ सोसून १९३० मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने वारली. शाळेच्या माध्यमाचा प्रश्न ज्या समाजांना स्वानुभवाने ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगांचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

१९२८ मध्ये बोल्झानोत वास्तुविशारद मार्चेल्लो पियाचेन्तिनी याने रचलेले भव्य विजयस्मारक उभे राहिले. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून शहराच्या दक्षिणेस औद्योगिक वसाहत वसवून इटलीच्या अन्य भागांतून कामगार कुटुंबे आणली गेली. बोल्झानो इटालियन बहुसंख्येचे शहर बनले आणि आजही तसेच आहे.

राहायचे की जायचे

१९३९ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांनी या प्रदेशाचा प्रश्न भूमीऐवजी माणसेच हलवून सोडवायचे ठरवले. जर्मन आणि लादिन भाषकांपुढे वर्षअखेरपर्यंतची मुदत देऊन पर्याय ठेवला गेला : जर्मनीचे नागरिकत्व घेऊन घरदार सोडावे, किंवा इटलीत राहून आपल्या भाषेच्या रक्षणाची आशा सोडावी. इतिहासात याला 'ओप्सिओन', म्हणजे 'निवड', म्हणतात. प्रचार, धाकदपटशा आणि राहणाऱ्यांना सिसिलीत धाडले जाईल अशा अफवा यांच्या गदारोळात ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला. युद्धामुळे प्रत्यक्षात सुमारे ७५,००० जणच गेले; त्यांतील काही हजार पुढे परतले. मात्र 'जाणारे' आणि 'राहणारे' अशी जी फूट पडली ती घराघरांत पडली. भाऊ भावाशी बोलेनासा झाला, राहणाऱ्यांना देशद्रोही ठरवून त्यांच्या घरांवर हल्ले झाले. या फुटीबद्दल कित्येक दशके उघडपणे बोललेही गेले नाही.

१९४३ च्या सप्टेंबरात नाझी सैन्याने हा प्रदेश प्रत्यक्ष ताब्यात घेतला. बोल्झानोत बंदीछावणी उघडली गेली. सक्तीने भरती केल्यानंतर हिटलरच्या नावे शपथ घेण्यास नकार देणारा बोल्झानोचा योझेफ माय्र-नुस्सेर १९४५ मध्ये दाखाउ छावणीकडे नेला जात असताना मरण पावला. २०१७ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला 'धन्य' घोषित केले. भाषेच्या नावाने जाच सोसलेल्या समाजातही सगळे जण एकाच बाजूला नव्हते, हे त्याच्या चरित्रातून दिसते.

पॅरिसपासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी सीमा बदलण्यास नकार दिला. ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिस येथे इटलीचे पंतप्रधान अल्चीदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर यांनी करार करून जर्मन भाषकांना मातृभाषेतील शिक्षण, भाषिक समानता आणि स्वायत्तता देण्याचे मान्य केले. १९४८ च्या पहिल्या स्वायत्तता कायद्याने मात्र दक्षिण टिरोलला त्रेंतिनोशी जोडून एकच विभाग केला. एकत्रित विभागात इटालियन भाषकांचे बहुमत असल्याने महत्त्वाचे अधिकार त्रेंतो शहराकडे गेले. मिळालेली स्वायत्तता हातात येता येता निसटली, अशी भावना पसरली.

१७ नोव्हेंबर १९५७ रोजी बोल्झानोजवळील झिगमुंड्सक्रोन किल्ल्यात हजारोंची सभा भरली. महायुद्धात एक पाय गमावलेले नेते झिल्व्हिउस माग्नागो यांनी 'त्रेंतोपासून मुक्ती' ही घोषणा दिली आणि त्याच वेळी जमावाला शांततेची शपथ घातली. १९६० मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ब्रुनो क्राय्स्की यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. आमसभेने दोन्ही देशांना पॅरिस कराराच्या अंमलबजावणीबाबत वाटाघाटी करण्यास सांगितले.

दरम्यान काही तरुण हिंसेकडे वळले होते. टिरोलमध्ये दर जून महिन्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या सणानिमित्त डोंगरमाथ्यांवर होळ्या पेटवण्याची प्रथा आहे. १७९६ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने केलेल्या नवसाची ती आठवण. १९६१ च्या त्या सणाच्या रात्री, ११-१२ जून रोजी, होळ्यांसोबत ३७ वीजवाहक मनोरे स्फोटांनी पाडले गेले. न फुटलेले एक स्फोटक हटवताना एका इटालियन रस्ता-कामगाराचा जीव गेला. त्यानंतर धरपकड झाली, अटकेतील लोकांच्या छळाच्या तक्रारी आल्या, आणि पुढील वर्षांत हिंसा अधिक क्रूर झाली. १९८० च्या दशकाअखेरपर्यंत सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. तो मार्ग आवश्यक होता की वाटाघाटींच्या आड आला, याविषयी तेथील समाजात अजूनही एकमत नाही.

तोडगा निघाला तो कंटाळवाण्या समितीकामातून. इटलीने १९६१ मध्ये नेमलेल्या एकोणीस सदस्यांच्या आयोगाच्या कामातून १३७ उपायांचा एक संच तयार झाला. नोव्हेंबर १९६९ मध्ये मेरान येथे दक्षिण टिरोल लोकपक्षाच्या अधिवेशनात रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चेनंतर अगदी थोड्या मताधिक्याने तो स्वीकारला गेला. २० जानेवारी १९७२ रोजी दुसरा स्वायत्तता कायदा अमलात आला. सर्व उपायांची अंमलबजावणी व्हायला आणखी वीस वर्षे लागली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांपुढे वाद मिटल्याचे अधिकृतपणे कळवले.

व्यवस्था कशी चालते

या स्वायत्ततेचे तीन आधार आहेत. पहिला, पैसा : प्रदेशात गोळा होणाऱ्या करांचा सुमारे नऊ-दशांश भाग प्रदेशाकडेच राहतो, आणि शाळा, रस्ते, आरोग्य, शेती यांसारखे विषय प्रांतिक सरकार सांभाळते. दुसरा, प्रमाण : सरकारी नोकऱ्या तिन्ही भाषागटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. तिसरा, द्विभाषिकता : सरकारी नोकरीसाठी जर्मन व इटालियन दोन्हींची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. टपाल कचेरीपासून न्यायालयापर्यंत नागरिकाला आपल्या भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

शाळा मात्र वेगवेगळ्या आहेत. जर्मन शाळांत सर्व विषय जर्मनमधून आणि इटालियन ही दुसरी भाषा. इटालियन शाळांत नेमके उलट. दोहोंतील शिक्षक ती भाषा मातृभाषा असलेलेच असावे लागतात. लादिन खोऱ्यांत तिसरीच पद्धत आहे. तेथे साधारण निम्मे विषय जर्मनमधून व निम्मे इटालियनमधून शिकवले जातात आणि लादिन ही समजावण्याची भाषा व स्वतंत्र विषय असते. गार्देना आणि बादिया या दोन खोऱ्यांतील आठ पालिकांत लादिन बहुसंख्य आहेत. उरलेले लादिन भाषक त्रेंतिनोतील फास्सा आणि बेल्लुनोतील कोर्तिना व लिव्हिनाल्लोंगो येथे राहतात. फॅसिस्ट काळात तीन प्रांतांत विभागला गेलेला हा छोटा समाज अजून एका छत्राखाली आलेला नाही, आणि दक्षिण टिरोलबाहेरील लादिनांना तेथील बांधवांइतके हक्क मिळालेले नाहीत.

हीच चौकट अनेकांना जाचक वाटते. प्रमाणानुसार वाटप करायचे तर प्रत्येक नागरिक कोणत्या गटाचा हे नोंदवावे लागते. आई जर्मन भाषक आणि वडील इटालियन भाषक असलेल्या व्यक्तीलाही तीनपैकी एका गटाशी स्वतःला जोडावे लागते. श्टेर्त्सिंग येथे जन्मलेले विचारवंत व युरोपीय संसदसदस्य आलेक्झांडर लांगर यांनी १९८१ पासून या नोंदणीला विरोध केला. भाषागटांनी शेजारी-शेजारी नव्हे, एकत्र राहावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःची भाषागट-नोंद करण्यास नकार दिल्यामुळे १९९५ मध्ये बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या बोल्झानोच्या विद्यापीठात आता जर्मन, इटालियन व इंग्रजी या तिन्ही भाषांतून अध्यापन होते. भिंतीला पडलेले हे एक दार म्हणता येईल.

शेत, पाट आणि पानात

गावगाड्याचा कणा आहे 'अखंड शेतघर'. दक्षिण टिरोलमध्ये शेतघर आणि त्याची जमीन वाटून घेता येत नाही. एकच वारस ती घेतो आणि इतरांना मोबदला देतो. फॅसिस्ट राजवटीने ही पद्धत मोडली होती. १९५४ मध्ये ती पुन्हा कायद्यात आली. शेजारच्या त्रेंतिनोत वाटण्यांमुळे शेतीचे तुकडे झाले, तर येथे तीव्र उतारावरची शेतघरेही टिकली. वारसा न मिळालेल्या भावंडांना मात्र गडीकाम, चर्च किंवा परगाव यांतून वाट शोधावी लागे.

पश्चिमेकडील फिन्शगाउ (व्हाल व्हेनोस्ता) खोरे आल्प्समधील सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. तेथे शतकानुशतके हिमनद्यांचे पाणी डोंगरकडेने खोदलेल्या पाटांतून शेतांपर्यंत आणले जाई. या पाटांना 'वाल' म्हणतात आणि त्यांची देखरेख करणाऱ्या पाटकऱ्याला 'वालर'. पाटावर एक छोटे पाणचाक बसवलेले असे. ते फिरले की हातोडी ठणठण वाजे. आवाज थांबला की पाट कुठेतरी फुटला किंवा तुंबला, हे पाटकऱ्याला दुरूनच कळे. आज बऱ्याच पाटांची जागा नळांनी घेतली असली तरी काठच्या पायवाटा लोकप्रिय आहेत. त्याच पाण्यावर सफरचंदाच्या बागा उभ्या राहिल्या. इटलीतील सफरचंदांपैकी जवळजवळ निम्मी याच प्रांतात पिकतात.

याच खोऱ्याच्या डोक्याशी रेशेन तलाव आहे. १९५० मध्ये वीजनिर्मितीसाठी पाणी अडवून ग्राउन (कुरोन) हे जुने गाव बुडवण्यात आले. दीडशेहून अधिक घरे गेली, उरला तो चौदाव्या शतकातील चर्चचा मनोरा. तो आजही पाण्यातून वर आलेला दिसतो. पर्यटक त्याची छायाचित्रे घेतात. विस्थापितांच्या वंशजांसाठी ते गावाचे थडगे आहे.

खाण्यातही दोन्ही बाजू एकत्र येतात. शिळ्या पावाचे उकडलेले गोळे जर्मनमध्ये 'क्नोडेल' तर इटालियनमध्ये 'कानेदेर्ली' म्हणून ओळखले जातात. धुरी देऊन हवेत सुकवलेले डुकराचे मांस 'श्पेक', राय धान्याची महिनोन् महिने टिकणारी कडक भाकरी 'श्युटेलब्रोट', आणि त्याच पंगतीत इटालियन पास्ता. शरद ऋतूत शेतघरी जाऊन नवी वाइन आणि भाजलेली चेस्टनट खाण्याच्या प्रथेला 'त्योर्गेलेन' म्हणतात. गार्देना खोऱ्यातील लाकूड-कोरीवकाम सतराव्या शतकापासून प्रसिद्ध असून तेथील संतमूर्ती जगभरच्या चर्चमध्ये पोचल्या आहेत.

आजचे प्रश्न

फॅसिस्ट काळाच्या खुणांचे काय करावे, याचे उत्तर बोल्झानोने पाडण्याऐवजी समजावण्यात शोधले. २०१४ मध्ये विजयस्मारकाच्या तळघरात त्या राजवटीचा इतिहास सांगणारे कायमचे प्रदर्शन उघडले. २०१७ मध्ये एका सरकारी इमारतीवरील मुसोलिनीच्या शिल्पपटावर विचारवंत हाना आरेन्ट यांचे, आज्ञापालनाच्या आड लपण्याचा हक्क कोणालाच नाही अशा आशयाचे वाक्य तीन भाषांतील प्रकाशाक्षरांत झळकू लागले. स्थळनामांचा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. तोलोमेईची नावे कागदोपत्री कायम आहेत, आणि डोंगरवाटांवरील फलकांत कोणती नावे असावीत यावरून अधूनमधून वाद पेटतो.

नव्या चिंताही आहेत. वर्षाला तीन कोटींहून अधिक पर्यटक-मुक्काम होणाऱ्या या प्रांताने २०२२ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटांच्या संख्येवर मर्यादा घातली. ब्रेनरवरून दरवर्षी वीस लाखांहून अधिक मालमोटारी जातात. त्यांचा भार रेल्वेवर नेण्यासाठी खिंडीखालून ५५ किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. लोकसंख्येचा सुमारे एक-दशांश भाग आता परदेशातून आलेल्यांचा आहे. त्यांची मुले कोणत्या शाळेत जावीत आणि कोणत्या गटात मोजली जावीत, याचे उत्तर १९७२ च्या कायद्यात नाही, कारण तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

सीमा जागची हललेली नाही. तिचा जाच मात्र कमी झाला. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युरोपीय संघात आला आणि १९९८ मध्ये ब्रेनरवरील अडसर हटला. मात्र एका वाटेने या सीमेला कधीच पुरते मानले नव्हते. श्नाल्स खोऱ्यातील मेंढपाळ दरवर्षी जूनमध्ये हजारो मेंढ्या घेऊन हिमाच्छादित खिंडी ओलांडतात आणि ओत्झतालच्या कुरणांवर जातात, सप्टेंबरात परततात. या चराई-हक्काची लेखी नोंद १४१५ सालची आहे. १९१९ मध्ये कुरणे ऑस्ट्रियात राहिली आणि शेतघरे इटलीत गेली, तरी हक्क टिकला. २०१९ मध्ये युनेस्कोने अशा हंगामी स्थलांतराचा अमूर्त वारशात समावेश केला. हिममानव सापडला ती जागा याच खिंडींच्या परिसरात आहे, आणि दर जूनमध्ये तेथून जवळच मेंढ्यांचे कळप सीमा ओलांडतात.